एव्हिसचा पहिला शिपाई

पहिला शिपाई वाया जायचाच असतो. आमच्या क्लबात नवा माणूस आला की मी हे त्याला तोंडावर सांगून टाकतो. डोळे फिसकटतात, ओठ बुजतात, रंग इतका जाड बसतो की घोडदळाचा सरदार उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा दिसतो. मग मी त्याचा फोटो काढतो, कारण क्लबातले फोटो काढायचं काम माझं, आणि फोटोत सगळं उघडं पडतं. नखाएवढं तोंड पडद्यावर ताटाएवढं होतं. भलेभले त्या वेळी गप्प बसतात. गप्प बसलेला माणूस पुढच्या शनिवारी परत आला तर तो आमचा. नाही आला तर त्याने खुशाल कालव्यावर जाऊन मासे धरावेत.

एव्हिस पॉडमोर आली तेव्हा तिलाही मी हेच ऐकवलं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "झालं तुझं बोलून? आता खुर्ची दे."

मी सेल्विन टॅम्स. उभा जन्म आमच्या या बर्स्लेम गावच्या चढावरून बस वरखाली केली. आता निवृत्त झाल्यावर शिशाचे शिपाई रंगवतो आणि दुसऱ्यांच्या शिपायांना नावं ठेवतो. दर शनिवारी सकाळी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये आमचा क्लब भरतो. सगळे म्हातारे. सगळ्यांच्या डोळ्यांवर भिंगं, सगळ्यांचा चहा थंड झालेला, आणि नेपोलियनच्या कुठल्या पलटणीची कॉलर कुठल्या रंगाची यावरून एकमेकांशी अबोला. बाई म्हणून क्लबात त्या दिवसापर्यंत कोणी आली नव्हती. आली तर नवऱ्याला जेवायला बोलवायला.

एव्हिसला मात्र आमच्याकडे सगळे ओळखत होते. कपबशांच्या कारखान्यात तिने आयुष्यभर गुलाब काढले. एकच गुलाब. किटलीवर तोच, बशीच्या काठावर तोच, साखरेच्या भांड्यावर तोच, दोन पानं आणि बाजूला एक कळी. आमच्या कारखान्यांतली रीतच तशी होती. पोरगी शाळा सोडून बाकावर बसली की तिला एक नक्षी नेमून देत, आणि ती हातात बसेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू देत नसत. एकदा हातात बसली की मग सुटायची नाही. एव्हिस शेजारणीशी गप्पा मारत, कोणाचं कोणाशी जमलंय ते ऐकत, खाली न बघता गुलाब काढायची. माणसांची तोंडं काढणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांचा बाक खिडकीपाशी, त्यांचा तोराही वेगळा. त्या बाकावर एव्हिस कधी बसली नाही.

तिने पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालातून शिपाई. मी तो बघितला मात्र, लगेच ओळखला.

"हा विल्फचा आहे," मी म्हणालो.

"माहितीय मला कोणाचा आहे ते. माझ्याच घरातल्या कपाटातून काढलाय."

विल्फ म्हणजे तिचा नवरा. कारखान्यात भट्टी भरायचा, आणि शनिवारी आमच्यात बसायचा. मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही, पण विल्फ पॉडमोरसारखा हात आमच्या क्लबात दुसऱ्याचा नव्हता. घोड्याच्या डोळ्यातला चमकणारा ठिपका तो असा टेकवायचा की घोडा आपल्याला लाथ मारेल असं वाटावं. जगातल्या सगळ्या सैन्यांचे शिपाई त्याने रंगवले, हा एक सोडून. हा वीतभर उंचीचा शिपाई, लांब ओव्हरकोट घातलेला, खांद्यावर पिशवी, रजेवर घरी निघालेला. विल्फने तो घेतला, घासला, जोडला, त्याला पांढरा अस्तराचा रंग दिला आणि कपाटात ठेवून दिला. का रंगवत नाहीस विचारलं की म्हणायचा, "हात अजून तयार नाही माझा."

विल्फच्या मनात तो शिपाई म्हणजे त्याचा भाऊ होता. आर्नल्ड. विल्फहून बराच मोठा. दुसऱ्या महायुद्धातल्या एका हिवाळ्यात असाच ओव्हरकोट घालून रजेवर आला होता, धाकट्याला खांद्यावर बसवून गल्लीतून मिरवलं होतं त्याने. पुढच्या उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या लढाईत मारला गेला. त्याचा एक काळापांढरा फोटो पॉडमोरांच्या घरात जिन्यापाशी लावलेला आहे.

आणि आता विल्फचे डोळे गेले होते. पुरते नाही. डोळ्याच्या बरोबर मधोमध डाग धरला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. दार दिसायचं, दारात माणूस उभा आहे हे दिसायचं, त्याचं तोंड तेवढं दिसायचं नाही. ज्या दिवशी त्याला ब्रशाचं टोक दिसेनासं झालं त्या दिवशी त्याने सगळे ब्रश, सगळे रंग एका खोक्यात भरून माझ्या दारात आणून ठेवले आणि पुन्हा क्लबात पाऊल टाकलं नाही. मी भेटायला गेलो की फुटबॉलवर बोलायचं, हवेवर बोलायचं, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर बोलायचं. शिपायांचं नाव काढलं की तो उठून स्वयंपाकघरात जायचा.

"अगं, पहिलाच शिपाई आणि हा?" मी एव्हिसला म्हणालो. "मी तुला प्लॅस्टिकचा देतो एखादा. चार-पाच बिघडव, मग याला हात लाव."

"वेळ कुठाय बिघडवायला?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी हात टेकलेत. उजव्या डोळ्यात जे काय थोडं उरलंय ते नाताळपर्यंत टिकलं तर टिकलं म्हणाले. त्याच्या आत त्याला एकदा आर्नल्ड दाखवायचाय मला. रंगात. त्याच्या मनात होता तसा."

"पण त्याला दिसणार कसा? तळहातावर ठेवलास तरी दिसायचा नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. नाहीतर तुझं तोंड बघायला कोण येतंय शनिवारचं?" ती म्हणाली. "तू फोटो काढतोस ना, मोठ्ठे? तो टीव्हीवर लावायचा. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून मान तिरकी केली की त्याला कडेने दिसतं. परवा मॅच बघताना रेफरीला शिव्या घालत होता. म्हणजे दिसत असणारच."

मी तिला सांगितलं ते खरं सांगितलं. म्हटलं, एव्हिस, त्याला राग येईल. जे त्याच्या हातून राहिलं ते तू केलंस तर त्याच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल. तिने शिपाई रुमालावर उभा केला.

"येऊ दे राग," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, तो माझ्यावर धड चिडलासुद्धा नाही. नुसता बसून असतो."

मग मी तिला खुर्ची दिली.

विल्फला तिने सांगितलं की चॅपलमध्ये फुलं लावायला जाते. चॅपल खरंच होतं, फुलं नव्हती, त्यामुळे अर्धंच खोटं बोलले असं तिचं म्हणणं. दर शनिवारी ती आमच्या आधी येऊन बसलेली असायची. येताना सगळ्यांना ओटकेक आणायची, ओटच्या पिठाची धिरडी, चीज आणि बेकन घालून गुंडाळलेली, आणि आमच्यातला लेन मेशिन, जो गणवेशांवरून कोणाशीही भांडतो, तो ओटकेकच्या नादाने तिच्याशी तेवढा कमी भांडायचा.

कमी म्हणजे अगदीच भांडला नाही असं नाही.

"खाकी म्हणजे हा रंग नव्हे," लेन म्हणायचा. "आपल्या सैन्याच्या ओव्हरकोटात थोडी हिरवट झाक पाहिजे."

"तू बघितला होतास?"

"पुस्तकात बघितलाय."

"मी आमच्या मामाच्या अंगावर बघितलाय. तोच कोट लढाईनंतर आमच्या पलंगावर पांघरूण म्हणून होता, मी त्याच्याखाली झोपलेय. तो तपकिरीच होता आणि त्याला कुत्र्याचा वास यायचा."

लेनने ओटकेकचा घास घेतला आणि विषय बदलला.

तिची काम करायची तऱ्हाच निराळी. आम्ही शिपाई बुचावर चिकटवून हातात धरतो आणि श्वास रोखून ब्रश टेकवतो. तिने कारखान्यातलं आपलं फिरतं चाक आणलं, शिपाई त्याच्यावर उभा केला आणि करंगळी टेकवून चाक फिरवायला लागली. आम्ही पातळ रंगाचे थरावर थर देतो, एक वाळला की दुसरा. ती एकदाच ब्रश भरायची, एकदाच ओढायची, आणि झालं. कोटाच्या घड्यांवर मात्र ती अडली. गुलाबाच्या पाकळीला सावली कशी द्यायची ते तिला येत होतं, लोकरी कापडाला कशी द्यायची ते येत नव्हतं. चार वेळा तिने कोट पुसून काढला. मी म्हणालो, राहू दे, पहिल्याच्या मानाने बरा आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने भिंग लावून माझ्या हुसार घोडेस्वाराकडे वळलो.

तोंडाची मला धास्ती होती. तोंडावरच पहिला शिपाई मरतो. तोंड काढायच्या शनिवारी तिने आर्नल्डचा फोटो जिन्यावरून काढून आणला होता. तो समोर टेकवून ठेवला, चष्मा पुसला आणि सुरू झाली. मी मुद्दाम दूर बसलो. लेन तिला त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगत होता, सगळी, पहिल्यापासून, आणि ती मध्ये मध्ये "अरे देवा" आणि "मग काय म्हणाला डॉक्टर?" करत होती. हकीकत संपायच्या आत तोंड संपलं. मी जाऊन वाकून बघितलं. भिंगाशिवाय काय दिसणार, पण गालावर रंग होता, डोळे जागच्या जागी होते, आणि ते दोन्ही एकाच दिशेला बघत होते. हे भल्याभल्यांना पहिल्यांदा जमत नाही.

"बघतोय हा," मी म्हणालो.

"मग? आंधळा काढायचा होता का?" ती म्हणाली, आणि लगेच ब्रश उचलून उठली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं होतं. ब्रश धुताना ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

फोटोच्या दिवशी एव्हिस लिपस्टिक लावून आली. केस सेट केलेले, गळ्यात मोत्यांची माळ.

"तुझा नाही फोटो काढायचा," मी म्हणालो.

"माहितीय. तरी पण."

फोटो काढताना मी कोणाला जवळ येऊ देत नाही. मागे राखाडी कागद वळवून लावायचा, म्हणजे कोपरा दिसत नाही. दोन बाजूंना दोन दिवे, त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर, नाहीतर रंग चकाकतो आणि शिपाई घामाघूम झाल्यासारखा दिसतो. कॅमेरा तिवईवर. बटण दाबून आपण मागे सरायचं, कारण आपल्या हाताचा नुसता कंप लागला तरी तोंड पुसट येतं. हे सगळं मी तिला सांगितलं आणि ती हात मागे बांधून, श्वास धरून उभी राहिली. मग मी कार्ड लॅपटॉपला लावलं आणि शिपाई पडद्यावर आला.

कोट चांगला होता. खरं सांगायचं तर कोट फारच चांगला होता. पण कोटाची बटणं, टोपीवरचा आपल्या जिल्ह्याची खूण असलेल्या दोरीच्या गाठीचा बिल्ला, पट्ट्याची बक्कल, सगळं मळकट तपकिरी. चॉकलेटचे थेंब सांडल्यासारखं.

"बटणं तपकिरी का केलीस?" मी विचारलं.

"सोनेरी आहेत ती."

"एव्हिस, तपकिरी आहेत."

"आता आहेत," ती ठामपणे म्हणाली. "भट्टीत गेली की..."

आणि ती थांबली. बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. चिनीमातीवर सोनं चढवतात ते आधी तपकिरी पाकासारखं असतं. कपाच्या काठाला तपकिरी रेघ ओढायची, माल भट्टीत जातो, आणि बाहेर येतो तेव्हा सोनं झालेलं असतं. ते बघायला रंगवणारी बाई तिथे नसते, ती पुढच्या कपाला लागलेली असते. जन्मभर एव्हिसने तपकिरी रंग लावला आणि त्याला सोनं म्हटलं, आणि ते खरंच सोनं होत आलं. इथेही तिने माझ्याकडे ठेवलेल्या विल्फच्या खोक्यातला तपकिरी रंग उचलला, बटणांवर ठेवला, आणि तिला सोनंच दिसत होतं. आमच्यापैकी कोणालाही ही चूक करता आली नसती.

लेनला हसू आवरेना. मी त्याला टेबलाखालून पाय मारला, नेमका ऑपरेशनवाल्या गुडघ्यावर.

एव्हिस खुर्चीत बसली. मला वाटलं हसेल, पण तिचा चेहरा उतरला होता. "याला भट्टीत घातला तर वितळून जाईल ना रे," ती म्हणाली. "किती मूर्ख बाई मी. दोन महिने बघतेय आणि मला ती चमकताना दिसतायत. यातलं अजून काय काय असं असेल? तोंडसुद्धा मी असंच काढलं असेल तर? मला दिसतंय ते खरं आहे की नाही हे मला कसं कळणार?"

"म्हणून तर फोटो काढतो आपण," मी म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. इतकं गोड बोलायची मला सवय नाही.

लेन उठला. लंगडत आपल्या पेटीपाशी गेला आणि त्याने जपून ठेवलेली, कोणाला हातसुद्धा लावू न दिलेली सोनेरी रंगाची बाटली आणून तिच्यापुढे ठेवली. "हा लावल्या लावल्याच सोनेरी दिसतो," तो म्हणाला. "भट्टीबिट्टी काही लागत नाही."

तिने एक बटण रंगवलं आणि नाक मुरडलं. "फुकटचं वाटतं," ती म्हणाली. पण सगळी बटणं रंगवली. मी पुन्हा फोटो काढले, एक पूर्ण शिपायाचा आणि एक नुसत्या तोंडाचा, जितक्या जवळून कॅमेरा नेता येईल तितक्या जवळून. तोंडात मला खोड काढता आली नाही. एका गालाचा रंग कानापर्यंत जरा सांडला होता, तेवढंच. मी ते बोललो नाही. आर्नल्डला मी कधी बघितलंच नव्हतं, तो मेला तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे तो तसा दिसतो की नाही ते मी काय सांगणार? जिन्यावरचा तो फोटो इतका जुना आणि पुसट की त्यात टोपीखाली कोणीही असू शकलं असतं.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मी कॅमेरा आणि वायर घेऊन पॉडमोरांकडे गेलो. विल्फ खिडकीपाशी बसला होता.

"कोण, सेल्विन? तुझ्या बुटांचा आवाज अजून बसच्या ब्रेकसारखाच येतो."

"तुझी जीभ अजून आहे म्हणायची," मी म्हणालो. "उठ आणि टीव्हीपुढे बस. एक दाखवायचंय."

"मला काय दाखवणार कप्पाळ?"

"बस म्हणतोय ना तो, तर बस," एव्हिस स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिने हात अ‍ॅप्रनमध्ये गुंडाळून धरले होते.

तो कुरकुरत उठला, खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसला आणि मान उजवीकडे वळवली, दुसरीकडेच कुठेतरी बघितल्यासारखी. मी पूर्ण शिपायाचा फोटो लावला. त्याचं नुसतं डोकं थोडं खाली, थोडं वर, कडेने चाचपडल्यासारखं.

"ओव्हरकोट," तो म्हणाला. "पिशवी." मग डोकं स्थिर झालं. "हा माझा शिपाई आहे."

"हो," एव्हिस म्हणाली.

"कपाटातला."

"हो."

"लेनला दिलात रंगवायला?"

"लेनला नाही. मी रंगवला."

"तू? तू गुलाबवाली."

"आता शिपाईवाली. चॅपलमध्ये फुलं नव्हते लावत मी."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नसता."

"म्हणून नाही विचारलं."

आता हा उठून स्वयंपाकघरात जातो, असं मला वाटलं. त्याने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवलेसुद्धा. पण उठला नाही. "कोट छान झालाय," तो हळूच म्हणाला. "घड्या चांगल्या पडल्यात." आणि मग, "तोंड दाखव."

मी दुसरा फोटो लावला. टीव्हीभर तोंडच तोंड. विल्फ पुढे वाकला, मान अजून वळवली, इतकी की त्याचा गाल काचेला लागतोय की काय असं वाटलं. एव्हिस श्वास धरून उभी होती, त्या दिवशी कॅमेऱ्याजवळ उभी होती तशी. तो किती तरी वेळ बघत राहिला. चहाची किटली शिट्टी मारायला लागली आणि कोणी बंद करायला गेलं नाही.

"हा आर्नल्ड नाही," विल्फ म्हणाला.

एव्हिसचं तोंड पांढरं पडलं. "मी फोटोवरूनच काढला," ती म्हणाली. "समोर ठेवून."

"आर्नल्ड समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचा. आई म्हणायची, हा पोरगा पोलिसात तरी जाईल नाहीतर पोलीस तरी याला नेतील. आणि हा बघ. एक भुवई वर. कान लाल. आता कोणीतरी आपल्याला हसणार अशा धास्तीने उभा." तो टीव्हीपासून मागे सरला आणि त्याने एव्हिसच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "अगं, हा मी आहे."

ती पुढे झाली. चष्मा कपाळावर होता तो खाली ओढला, टीव्हीकडे बघितलं, मग विल्फकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. मीही बघितलं. एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसेना. डाव्या भुवईचा तो चढ मी इतकी वर्षं समोरच्या खुर्चीत बघत आलो होतो, आणि तो माझ्या नाकाखाली रंगवला गेला, मी त्याचा फोटो काढला, तरी माझ्या लक्षात आला नव्हता.

"मी आर्नल्डच काढत होते," ती म्हणाली. "देवाशपथ आर्नल्डच काढत होते. हात आपला आपण गेला रे. त्या वयाच्या पोराचं एकच तोंड मी रोज बघितलंय. कारखान्याच्या दारात उभं असायचं, सुटी झाली की, कान लाल करून."

"थंडी असायची."

"जूनमध्ये?"

विल्फने कानाला हात लावला.

"मी पुसते," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी ती अ‍ॅप्रनने टिपत होती आणि तोंडाने भराभर बोलत होती. "नुसतं तोंडच पुसायचंय. कोटाला धक्का न लावता निघेल, निघेल ना सेल्विन? पुन्हा काढते. नाक कसं, भुवया कशा, सगळं तू मला सांग, मी एकेक विचारून काढते. नाताळला वेळ आहे अजून. मला तुला आर्नल्ड दाखवायचा होता."

"खबरदार हात लावलास तर," विल्फ म्हणाला.

त्याचा तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. एव्हिसनेही ऐकला नसावा, कारण तिचा अ‍ॅप्रन डोळ्यांपाशीच राहिला.

"आर्नल्डचं तोंड मला पाठ आहे," तो म्हणाला. "डोळे मिटले की दिसतं. त्याला डोळे लागतच नाहीत. माझं मला दिसत नव्हतं. आरशात नुसता डाग असतो आणि डागाच्या कडेला दोन कान. मी कसा आहे तेच विसरून गेलो होतो मी." तो पुन्हा टीव्हीकडे वळला, मान तिरकी करून. "मी असा दिसायचो तुला?"

"दिसायचो काय," एव्हिस म्हणाली. "दिसतोस."

तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मी आत जाऊन किटलीखालचा गॅस बंद केला.